लामावर गेलेल्यांची यादी

ऑक्टोबरचं ऊन पुण्यात कुणालाच आवडत नाही. पाऊस संपला म्हणून छत्र्या माळ्यावर टाकाव्यात, तर डोक्यावर हे ऊन येऊन बसतं. पेपरात दरवर्षी तीच बातमी येते आणि आमच्या सोसायटीतली तीच मंडळी दरवर्षी "यंदा जरा जास्तच आहे" असं म्हणतात. मला मात्र हे ऊन आवडतं. मी त्याची वाट बघते. एखाद्या रविवारी सकाळी गच्चीवरच्या फरशीनं पाय पोळायला लागले की मी खाली येऊन आप्पांना सांगते, "झालं हो ऊन तयार." आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, जे आता ऐंशी ओलांडल्यापासून खुर्चीतून सहसा हलत नाहीत, ते चपला शोधायला लागतात.

मग ट्रंक निघते. गोधड्या तारेवर जातात आणि कागद सतरंजीवर. आप्पांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. तिथे पावसाळा सरला की लाल कापडात बांधलेली दप्तरं व्हरांड्यात काढायची आणि त्यांना ऊन दाखवायचं, अशी पद्धत होती. निवृत्त होताना बाकीचे लोक घड्याळ आणि शाल घेऊन घरी येतात, आप्पा ही सवय घेऊन आले. "पावसाळ्यात कागद दमतो," ते म्हणतात. "त्याला चार तास उन्हात बसू दे." आमच्या ट्रंकेत दप्तर कसलं असणार! शाळा सोडल्याचे दाखले, आजोबांचं रेशनकार्ड, जुन्या लग्नपत्रिका आणि कुणाकुणाची पत्रं. पण वेखंडाचा वास आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला थेट कचेरीतल्यासारखा.

तळाशी तीन वस्तू आहेत. एक पितळी बटण. एक लाकडी फूटपट्टी, जिच्यावरचे एक ते तीन आकडे झिजून गेलेत. आणि एका रजिस्टरच्या दोन समोरासमोरच्या पानांची झेरॉक्स. या तीन वस्तू उन्हात मांडल्या की मी पुन्हा पंचविशीतली होते आणि खराडीच्या काचेच्या इमारतीत ओढणी खांद्याभोवती घट्ट गुंडाळून बसते.

तेव्हा मला सॉफ्टवेअर कंपनीत लागून दोनच वर्षं झाली होती. हडपसरहून स्कूटीवर मुंढव्याच्या पुलावरून खराडीला जायचं. पुलाच्या पलीकडे एका हाताला ज्वारी उभी असायची आणि दुसऱ्या हाताला आमची कंपनी. मुंढव्यापर्यंत घामानं भिजायचं आणि आत गेल्यावर थंडीनं कुडकुडायचं. माझं काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना गोड शब्दांत कळवायच्या. त्या कामात मी चांगली होते, आणि आपण चांगल्या आहोत हे मला जरा जास्तच माहीत होतं.

त्या वर्षी आमच्या गावच्या हडपसरात राहणाऱ्या मंडळींनी ठरवलं, की गावात एक दगड बसवायचा. आमचं गाव सासवडच्या पुढे. पहिल्या महायुद्धात आमच्या वस्तीतली बरीच माणसं लामावर गेली होती. लाम म्हणजे लढाई; गावाकडची जुनी माणसं त्या लढाईला दुसरा शब्दच वापरत नसत. त्या माणसांची नावं दगडावर कोरायची आणि दसऱ्याला दगडाचं अनावरण करायचं. आमच्याकडे दसरा म्हणजे धम्मदीक्षेचा दिवस. आजी-आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्या दिवशी घरात पांढरे कपडे आणि खीर. तेव्हा दिवस निवडायला कुणाला फार विचार करावा लागला नाही. नावांची यादी कुणी करायची यालाही विचार लागला नाही. रेकॉर्डमधला माणूस म्हणून सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं.

त्या यादीत आमच्या घरचं नाव असणार हे उघडच होतं. माझे पणजोबा, राणू. ते बटण त्यांच्या लष्करी कोटाचं. लहानपणी ऊन दाखवायच्या दिवशी ते बटण हातात घ्यायला मिळायचं आणि आजी सांगायची, "लामावरनं आलं हे." शाळेत 'माझा आवडता वीर' या निबंधात मी पणजोबांवर दोन पानं लिहून दहापैकी नऊ गुण मिळवले होते. निबंधात त्यांनी तीन शत्रूंना लोळवलं होतं. तीन हा आकडा माझा.

दुसरं एक नाव आमच्या मागच्या गल्लीतल्या नामदेव तात्यांच्या घरचं. तात्या तेव्हा पंच्याऐंशीच्या आसपास होते. आयुष्यभर कारखान्यात काम केलेलं, पाठ अजून ताठ. त्यांचे वडील सिदू लामावर गेले तेव्हा तात्या आईच्या पोटात होते. सिदू परत आले नाहीत. मेल्याचा कागदही आला नाही. त्यामुळे गावात दोन गोष्टी चालायच्या. एक म्हणजे सिदू तिकडेच वारले. दुसरी, जी पारावर बसून जास्त चवीनं सांगितली जायची, ती म्हणजे सिदू पळाले आणि तिकडेच कुठेतरी दुसरं घर करून राहिले. तात्यांच्या आईनं मरेपर्यंत कुंकू लावलं. कुणी म्हणायचे तिला आशा आहे, कुणी म्हणायचे तिला आतली गोष्ट ठाऊक आहे. तात्या या दोन गोष्टींच्या मधे लहानाचे मोठे झाले होते. दगडाचं ठरलं तेव्हा ते आप्पांना एवढंच म्हणाले, "वसंता, आता काय ते एकदा कळंल मला." हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

नेमकं त्याच वेळी आप्पांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर वाचायला बंदी घातली आणि काळा चष्मा दिला. दसरा तर तोंडावर. मी म्हटलं, मी जाते.

भरतीची जुनी रजिस्टरं कॅम्पाच्या बाजूला एका सरकारी कचेरीत होती. आप्पांच्या जुन्या ओळखीतून परवानगी मिळाली. निघताना आप्पांनी मला ती लाकडी फूटपट्टी दिली.

"ओळीखाली ठेव," ते म्हणाले. "आडवं वाच. डावं पान, उजवं पान, एका ओळीत. एक माणूस पुरता संपला की मगच पट्टी खाली."

"आप्पा, मी दिवसभर हेच करते."

"दिवसभर तू काय करतेस ते मला अजून कळलेलं नाही. पट्टी ने."

मी पट्टी पर्समध्ये टाकली आणि ती तिथेच राहिली.

रेकॉर्ड रूम लिमये नावाच्या गृहस्थांच्या ताब्यात होती. त्यांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. "हात धुऊन या. पेन आत चालणार नाही, पेन्सिल. अक्षरांवरून बोट फिरवायचं नाही. चार वाजता बंद."

"चारच्या आधी संपलं नाही तर?"

"तर उद्याही चारला बंद."

रजिस्टर टेबलभर मोठं होतं. प्रत्येक माणसाची नोंद दोन पानांवर पसरलेली. डाव्या पानावर नाव, गाव, उंची, वारस. उजव्या पानाच्या अगदी कडेला शेवटचा शेरा, म्हणजे त्या माणसाचं पुढे काय झालं ते. सगळं तिरक्या इंग्रजीत, फिकट झालेलं. डोकं डावीकडून उजवीकडे नेईपर्यंत ओळ हरवायची. मी माझी अक्कल चालवली. पहिल्या दिवशी डाव्या पानावरची नुसती नावं उतरवून घेतली, दुसऱ्या दिवशी उजव्या पानावरचे नुसते शेरे. वरून खाली, भराभर. कंपनीत आम्ही असंच करायचो, एकेक कॉलम. एका ओळीत शेरा दिसला नाही, ती रिकामी ओळ मी सोडून दिली. शेवटी शेरे एकानं कमी पडले. म्हणजे यादीतल्या शेवटच्या माणसासमोर, आमच्या पणजोबांसमोर, काहीच उरलं नाही. मी म्हटलं, कारकून कंटाळला असेल. आपली चूक मी जाऊन त्या बिचाऱ्या मेलेल्या कारकुनाच्या माथी मारली आणि मला काहीही वाटलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी ती यादी कंपनीत टाईप केली. ठळक अक्षरं आणि भोवती नक्षीची चौकट. आप्पा वाचू शकत नव्हते, त्यांना काय दाखवायची! प्रिंट काढली आणि घरी जाताना परस्पर मंडळींकडे दिली. त्यांनी ती विहाराच्या फलकावर लावली. सगळे म्हणाले, सुजातानं काय झकास काम केलं! मी दोन दिवस झकास होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या आले. आत या म्हटलं तरी दारातच उभे राहिले.

"सुजा, तो कागुद तू लिवलास न्हवं?"

"हो तात्या."

"सोताच्या डोळ्यानं बगितलंस? त्या बुकात?"

"हो."

"सिदूच्या नावाम्होरं?"

मला एकदम आठवलं, की सिदूंसमोर मी काय टाईप केलं होतं. 'पळून गेला.' टाईप करताना मी ते वाचलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. ती शेऱ्यांच्या कॉलममधली एक ओळ होती.

"हो तात्या," मी म्हटलं. "तसंच होतं."

"बरं," तात्या म्हणाले. "तू बगितलंस म्हंजी झालं." उंबऱ्यावर काढून ठेवलेल्या चपला त्यांनी नीट सरळ करून पायात घातल्या आणि ते गेले. मी दाराशी उभी राहिले. पंच्याऐंशी वर्षं ज्या गोष्टीवर त्यांनी विश्वास ठेवला नव्हता ती मी दोन मिनिटांत खरी करून दिली होती, आणि त्यांनी माझ्या शब्दावर ती मान्यही केली होती. मला रडू आलं.

आप्पा आतून सगळं ऐकत होते. काळ्या चष्म्याआडून ते म्हणाले, "यादी आण. वाच."

मी वाचली. शेवटून चौथं नाव धोंडी, परत आला. शेवटून तिसरं नाव पुन्हा धोंडी, तापानं वारला.

"थांब. दोन धोंडी?"

"दोनदा लिहिलंय आप्पा."

"गावात धोंडी एकच होता. मी लहानपणी बघितलाय त्याला. चांगला म्हातारा होऊन मेला." मग ते म्हणाले, "पुढे?"

"सिदू, पळून गेला. राणू…" मी अडखळले. "राणूसमोर रिकामं आहे."

"रेकॉर्डात रिकामं काही नसतं," आप्पा म्हणाले. "कारकून काही ना काही लिहितोच. काहीच नसेल तर आडवी रेघ मारतो. पट्टी ठेवली होतीस?"

मी पर्समधून फूटपट्टी काढून टीपॉयवर ठेवली. तिचा आवाज आप्पांनी ओळखला असणार. त्यांनी मला रागवायला हवं होतं, म्हणजे बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. आईनं आणलेला चहा त्यांच्यापुढे तसाच राहिला.

मी बोटांवर मोजलं. धोंडी एकच असेल, तर त्याचं एक नाव चुकून पडलेलं. ते काढलं की खालचे सगळे शेरे एकेक ओळ खाली सरकतात. ताप येतो सिदूंकडे. आणि 'पळून गेला' येतं ते…

"आप्पा, म्हणजे आपले पणजोबा…"

"हा अंदाज झाला," आप्पा म्हणाले. "एक यादी तू अंदाजानंच केलीस. उद्या रजा टाक. मूळ कागद बघितल्याशिवाय आता या घरात कुणी काही बोलायचं नाही. आणि तात्यांना बरोबर घ्यायचं."

तात्यांना बोलवायला मीच गेले. ते खाटेवर बसून होते. "आता आनि कशापायी?" त्यांनी विचारलं.

"माझं चुकलं असेल, तात्या."

"असंल?"

"बघायचंय. तुम्ही पण चला. तुमच्या समोर बघू."

त्यांनी उठून खुंटीवरचा काळा कोट काढला. ऑक्टोबरच्या त्या उन्हात, रिक्षात, आमच्या तिघांत कोट फक्त तात्यांच्या अंगावर होता आणि घाम मात्र मला फुटला होता.

लिमये आणि आप्पा एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होते, पण रेकॉर्डवाले रेकॉर्डवाल्याला कसे ओळखतात देव जाणे. "ऊन दाखवलंत का यंदा?" आप्पांनी विचारलं. "मागच्याच आठवड्यात. दोन माणसं मागितली, एक दिला," लिमये म्हणाले, आणि न मागता तात्यांसाठी खुर्ची आली.

रजिस्टर उघडलं. आप्पांना अक्षर दिसत नव्हतं, तरी पट्टी त्यांनीच धरली. मी त्यांचा हात ओळीशी नेऊन ठेवला आणि वाचायला लागले. डावं पान, उजवं पान. पट्टी खाली. डावं पान, उजवं पान. पहिल्या धोंडीपाशी आले तेव्हा दिसलं. नावावरून एक केसाएवढी बारीक रेघ गेली होती, आडवी, उजव्या पानाच्या कडेपर्यंत. कारकुनानं नाव लिहिलं होतं, काहीतरी चुकलं म्हणून खोडलं होतं आणि खालच्या ओळीत पुन्हा नीट लिहिलं होतं. तो कंटाळला नव्हता. त्याचं काम त्यानं माझ्यापेक्षा बरं केलं होतं.

पट्टी खाली. धोंडी, परत आला. पट्टी खाली.

"सिदू," मी वाचलं. मग डोकं उजवीकडे नेत नेत पानाच्या कडेला आले. "ताप. इस्पितळात मृत्यू. बसरा."

तात्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान एकदा खाली-वर केली.

"पुढची ओळ," आप्पा म्हणाले.

"आप्पा, असू दे ना."

"वाच. मधेच थांबायचं नसतं."

पट्टी खाली. "राणू. जहाजावर चढण्याआधी पळून गेला. नाव कमी केलं."

लिमये खिडकीबाहेर बघत होते. आप्पांनी काळा चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हं," ते म्हणाले. सबंध बालपण मी ज्या बटणाला पॉलिश करत होते त्याचा हिशोब एका 'हं'मध्ये झाला.

यादी दुरुस्त झाली. खोडलेला धोंडी गेला, सिदू आपल्या शेऱ्यापाशी आले. आणि आप्पांनी यादीतून राणूंचं नाव काढलं. तात्या भांडायला घरी आले. "अरं वसंता, असू दे की नाव! भरती तर झालाच हुता. आनि दगडावर जागा हाय."

"जागा आहे म्हणून नाव घालायचं नसतं, तात्या."

"लई कडू हायस बाबा तू," तात्या म्हणाले आणि आईनं केलेली खीर दोन वाट्या खाऊन गेले.

दसऱ्याला दगड बसला. आमचं नाव नसलेल्या त्या दगडासमोर आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत उभे होतो, आणि मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटत नव्हतं. परत येताना जीपमध्ये आप्पा अचानक हसायला लागले. "काय झालं?" आईनं विचारलं. "माझा बाप लढाई संपायच्या वर्षी जन्मला," आप्पा म्हणाले. "हा जर जहाजात चढला असता, तर तू आज माझ्या शेजारी बसली नसतीस." आई म्हणाली, "बरं झालं असतं," आणि जीपमधले सगळे हसले.

मी त्या पळालेल्या माणसाचा नंतर पुष्कळ विचार केला. धक्क्यावर उभा असेल. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला असेल. एवढं पाणी, आणि त्यावर ते जहाज! त्याला आपली विहीर आठवली असेल, बायको आठवली असेल. मग तो मागे वळला असेल आणि चालत चालत, पोलिसांना चुकवत घाट चढला असेल. पायाला काटा रुतून लंगडत गावात आला असेल आणि लोकांनी विचारल्यावर म्हणाला असेल, लामावरनं आलो. मला हा माणूस निबंधातल्यापेक्षा जास्त आवडतो. अर्थात, काटा माझा. मूळ कागदात काटा नाही, हे मी लगेच सांगून टाकते.

आता सगळं सोपं झालंय म्हणतात. मध्यंतरी ऑफिसातल्या एका मुलीनं मला मोबाईलवर दाखवलं, नाव टाकलं की पूर्वज निघतात. तिचे कुणी सुभेदार निघाले होते. ती इतकी खूश होती की मी आधी पेढा खाल्ला आणि मग विचारलं, "ज्याच्यावरून हे उतरवलंय तो कागद बघितलास का?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पट्टी देणाऱ्या आप्पांकडे बघितलं होतं. मी अजून टेस्टिंगमध्येच आहे, आता माझ्या हाताखाली बारा जण आहेत. दर नव्या माणसाला मी धोंडीची गोष्ट सांगते. ते हसतात, आणि आडवं न वाचता कॉलम उतरवतात, आणि मग महिन्याभरात एकदा तोंड पाडून माझ्या टेबलाशी येतात. त्यांना मी रागावत नाही.

गेल्या रविवारी ऊन तयार झालं. आप्पा जिना चढून वर आले, मधे दोनदा थांबून. गोधड्या तारेवर गेल्या. मी कागद पसरले. "उलटून ठेव गं थोड्या वेळानं, एकाच अंगानं भाजू नकोस," आप्पा नेहमीसारखं म्हणाले. बटण मी त्यांच्या हातात दिलं, त्यांनी ते धोतराला पुसलं आणि परत दिलं. मग मी झेरॉक्स उलगडली. ती लिमयांनी दिली होती, त्या दिवशी, नियमात बसत नसताना.

"सिदूची ओळ वाच," आप्पा म्हणाले. हे ते दरवर्षी म्हणतात. तात्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण वाचायचं म्हणजे वाचायचं.

मी पट्टी ठेवली. आडवं वाचलं. नाव, गाव, उंची, वारस. 'वारस: बायको, आणि मुलगा एक.' झेरॉक्समध्ये सगळं सारखं काळं दिसतं. एका हातानं, एका दिवशी लिहिल्यासारखं. मूळ कागदावर ते तसं नाही, आणि हे फक्त आम्हा चौघांनी बघितलंय, त्यातले दोघे आता नाहीत.

त्या दिवशी राणूंची ओळ वाचून झाल्यावर आप्पा मला म्हणाले होते, "आता परत सिदूवर ये. नुसता शेरा नको. सगळी ओळ, एकही रकाना सोडायचा नाही." पहिल्या वेळी मी फक्त नावं आणि शेरे घेतले होते, बाकीच्या रकान्यांकडे बघितलंही नव्हतं. मी पुन्हा पट्टी लावून घेतली. उंची वाचली. "माज्याएवढाच की," तात्या म्हणाले. ओळखीची खूण वाचली, उजव्या भुवईवर व्रण. तात्यांचा हात आपोआप स्वतःच्या भुवईकडे गेला. तिथे काही नव्हतं. मग वारस. 'बायको' हा शब्द काळ्या शाईत होता, बाकी सगळ्या ओळीसारखाच. त्याच्यापुढे, जागा नव्हती तिथे दाटीवाटीनं, दुसऱ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'आणि मुलगा एक'. जांभळ्या रंगात.

"हे जांभळं का?" मी विचारलं.

लिमये वाकले. त्यांनी भिंग लावून बघितलं. "कॉपिंग पेन्सिल," ते म्हणाले. "ओल लागली की जांभळी उमटते. ही आमच्या कचेरीतली शाई नव्हे. लढाईवर दौत-टाक कुठून आणणार? पलटणीबरोबरचे कारकून या पेन्सिलीनं लिहायचे. रजिस्टर पलटणीबरोबर जाऊन आलंय, शेरे नंतर इथे भरले. पण हे इथे लिहिलेलं नाही, तिकडे लिहिलंय."

"तिकडं म्हंजी?" तात्यांनी विचारलं.

"लामावर," आप्पा म्हणाले.

"कारकुनाला कसं कळलं, मी झालो त्ये?"

लिमये सरळ उभे राहिले. कोरड्या आवाजाचा तो माणूस जरा चाचरला. "आपण… म्हणजे, कारकून मनानं काही लिहीत नाही, आजोबा. घरून कुणीतरी पत्र लिहून घेतलं असणार. मग तुमच्या वडिलांनी त्याच्याकडे जाऊन सांगितलं असणार, माझ्या नावापुढे एवढं घाला. त्याशिवाय हे इथे येत नाही."

पंखा फिरत होता आणि पानाची कड मधूनच उचलली जात होती. तात्या खुर्ची पुढे सरकवून पानावर वाकले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी पट्टीच्या टोकानं ते शब्द दाखवले.

"ह्यो मी?"

"हो तात्या."

लिमयांनी टेबलावरचं झाकण घातलेलं तांब्याभांडं बघितलं, ते भरलेलं होतं. "मी जरा बाहेर जाऊन पाणी पिऊन येतो," ते म्हणाले आणि दार ओढून घेत गेले.

तात्यांनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं. कारखान्यात आयुष्य गेलेलं, जाड, नखाशी काळं पडलेलं बोट. ते त्यांनी त्या जांभळ्या शब्दांवर नेलं, केसाएवढं अंतर ठेवून, आणि तसंच धरलं. मी म्हटलं, "लावा तात्या, काही होत नाही."

त्यांनी मान हलवली.

"नगं," ते म्हणाले. "पुसंल."

मग तो हात त्यांनी कोटाच्या खिशात घातला, आणि हडपसर येईपर्यंत बाहेर काढला नाही.